ताई, २० तारखेलाच पैसे संपतात, काय करू?

"ताई, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. घरून पैसे येतात, थोडे ट्यूशन घेऊन मिळतात, तरी २० तारखेपर्यंत सगळं संपतं. मैत्रिणी बाहेर फिरायला निघाल्या की सगळ्या जातात म्हणून मीही जाते. तीनदा बचत सुरू केली, तीनदा मोडली. मागच्या महिन्यात रूममेटकडून उसने घेतले, आता तिच्याशी नजर मिळवायला नको वाटतं. मला शिस्तच नाही का?"

अगं, शिस्त नाही हे आधी डोक्यातून काढून टाक. अभ्यास सांभाळून ट्यूशन घेणारी मुलगी बेशिस्त आहे असं कुणी म्हटलं तरी मला पटणार नाही. तुझा फक्त क्रम उलटा झालाय. महिनाअखेरीला जे उरेल ते बाजूला टाकू असं तू ठरवतेस आणि तेव्हा उरतच नाही काही, चांगल्या पगाराच्या माणसांचंही असंच होतं गं. म्हणून पैसे आले की त्याच दिवशी दहावा हिस्सा दुसऱ्या खात्यात टाक, झेपत नसेल तर विसावा टाक पण टाक. त्या खात्याला कार्ड नको, फोनमधलं पेमेंट ॲपही जोडू नकोस. बँकेत आपोआप ट्रान्सफरची सोय असते, ती एकदा लावून दिलीस की दर महिन्याला स्वतःशी भांडत बसायला नको.

मग राहिलेल्याचे आठवड्याप्रमाणे चार भाग कर, पण थांब, महिना काही चार आठवड्यांचा नसतो, वर दोन-तीन दिवस असतात आणि सगळा घोळ तिथेच होतो, तेव्हा त्या दिवसांचे पैसे आधीच वेगळे काढ.

तीनदा मोडलं म्हणून रडू नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी सवयी कशा लागतात याचा अभ्यास केला होता, २००९ मध्ये तो आला, त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ पण. आणि मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. आता आठवून बघ, तू प्रत्येक वेळी कधी सोडलंस? एकदा जास्त खर्च झाला, "गेलंच सगळं" वाटलं आणि त्याच दिवशी बंद केलंस ना? या वेळी असं झालं तर दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालू कर, पुढच्या १ तारखेची वाट बघू नकोस.

एक महिनाभर रोजचा खर्च हाताने वहीत लिही. फोनवर टॅप करून दिलेले पैसे गेल्यासारखे वाटतच नाहीत गं. अमेरिकेतल्या एमआयटीत प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी मॅचच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली होती, त्यांचा पेपर २००१ चा आहे, आणि कार्डने पैसे द्यायचे म्हटल्यावर लोकांनी रोखीपेक्षा खूप जास्त, जवळजवळ दुप्पट बोली लावली. त्यामुळे आठवड्याचा बाहेर फिरण्याचा हिस्सा तरी रोख काढून ठेव. फ्री ट्रायल म्हणून घेतलेली सबस्क्रिप्शन्स आजच बघ, आणि "आत्ता घ्या, नंतर भरा" वाल्या हप्त्यांच्या तर वाटेलाच जाऊ नकोस.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते मैत्रिणींना नाही म्हणता येत नाही हे, तू ते स्पष्ट लिहिलं नाहीस पण "सगळ्या जातात म्हणून मीही जाते" हे वाक्य आलंय. बहाणे नको करूस, सरळ सांग, "या आठवड्याचं माझं बजेट संपलंय, रविवारी येते." खरंच सांग बघू एकदा. त्यातली एखादी हळूच म्हणेल की माझंही संपलंय, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणी हेच लपवत असतात.

आणि रूममेटचे पैसे. बचतीच्या आधी ते. सगळे एकदम देता येणार नाहीत म्हणून तू तिला टाळतेयस, पण तिला पैशापेक्षा तुझं गप्प राहणंच जास्त खुपत असेल. आज रात्री तिच्याजवळ बस, किती द्यायचेत ते स्वतःहून सांग, तीन हप्ते ठरवा आणि पहिला हप्ता, कितीही छोटा असू दे, तेव्हाच तिच्या हातात दे.

तुझी ताई