सेकंड हँड हायब्रिडची एक्स्टेंडेड वॉरंटी: बॅटरी सोडून बाकीचं बघा

तुम्ही लिहिलंय की २०२२ च्या अखेरची स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत मोठी बॅटरी आणि विजेची मोटर असलेली) एसयूव्ही बघताय, पंचेचाळीस हजार किलोमीटरच्या आसपास चाललेली, आणि डीलर म्हणतोय, "दोन वर्षांची वॉरंटी घेऊनच टाका, बॅटरी गेली तर लाखांत जाईल." अगदी हेच वाक्य मलाही ऐकवलं होतं. बहुतेक त्यांना कुठेतरी शिकवतच असावेत. म्हणून जरा लांबण लावतो.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही आणि वकीलही नाही. अटी कंपनीगणिक आणि वर्षागणिक बदलतात, तेव्हा माझ्या शब्दावर पैसे लावू नका, स्वतःच्या गाडीचे कागद बघा. टेस्ट ड्राइव्ह, आरसी, मालकी बदलायचे फॉर्म २९-३०, हायपोथिकेशन (आरसीवरची कर्जाची नोंद) हे सगळं तुम्हाला माहीत असेल असं धरून चालतो.

डीलर ज्या बॅटरीची भीती घालतोय तिच्यावर बहुधा कंपनीचीच वॉरंटी अजून चालू आहे. टोयोटाच्या हायरायडर आणि हायक्रॉस, मारुतीची ग्रँड व्हिटारा, होंडाची सिटी ई:एचईव्ही, या सगळ्यांच्या हायब्रिड बॅटरीला आपल्याकडे ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. मोजणी गाडीच्या पहिल्या विक्रीपासून होते, तुम्ही घेतली त्या दिवसापासून नाही. म्हणजे २०२२ ची गाडी २०३० पर्यंत. चॅसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, वॉरंटी चालू आहे का आणि सगळ्या सर्व्हिस नोंदलेल्या आहेत का हे विचारा, आणि शक्यतो उत्तर ई-मेलवर घ्या. जे आधीच तुमच्या खिशात आहे त्याचेच पैसे पुन्हा मोजायचं कारण नाही.

आता माझं दुखणं. गाडीचं नाव आणि वॉरंटी विकणाऱ्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच नोटीस यायला नको. जुन्या गाड्यांच्या शोरूममधून गाडी घेतली, सोबत त्यांच्या ओळखीच्या एका वॉरंटी कंपनीचं कार्ड. गुळगुळीत कागदावरचं रंगीत पत्रक, त्यावर इंजिन, गिअरबॉक्स, एसी कंप्रेसर अशी यादी आणि पुढे हिरव्या टिकमार्क. पूर्ण अटी मागितल्या तर "सर, ॲपवर येतील." ॲपवर तेच पत्रक.

एप्रिलच्या उन्हात एसी गार हवा देईना. मग एके सकाळी हायब्रिड सिस्टीमचा इशारा लागला आणि गाडी "रेडी"च, म्हणजे चालायला तयारच, होईना. अधिकृत सर्व्हिस सेंटरने निदान केलं: कंप्रेसर. इथे एक गोष्ट समजून घ्या. साध्या गाडीत कंप्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. स्ट्राँग हायब्रिडमध्ये तो विजेवर चालतो आणि वीज येते मोठ्या बॅटरीकडून, म्हणून तर सिग्नलला इंजिन बंद असतानाही एसी चालू राहतो. त्यामुळे त्याची किंमतही वेगळी, आणि त्याच्यात इन्सुलेशनचा दोष आला की सगळी हायब्रिड यंत्रणा सुरक्षिततेसाठी स्वतःला बंद करून घेते. बिल पाच आकडी, आणि पाच आकड्यांतही वरच्या टोकाचं.

कंपनीच्या आठ वर्षांच्या वॉरंटीत हा कंप्रेसर येत नाही, कारण ती फक्त बॅटरीची. मूळ वॉरंटी संपलेली. मग काढलं ते कार्ड. पत्रकावर कंप्रेसरपुढे टिकमार्क होतीच.

वॉरंटीवाल्यांच्या क्लेम विभागाने जे केलं त्याला माझ्याकडे छापण्यासारखा शब्द नाही. आधी म्हणाले फोटो पाठवा. मग व्हिडिओ. मग म्हणाले आमचा माणूस येईपर्यंत काही उघडू नका. तोवर गाडी सर्व्हिस सेंटरमध्ये उभी आणि तिथला ॲडव्हायझर रोज विचारतोय की जागा कधी मोकळी करताय. माणूस आला, चार फोटो काढून गेला. पुढे मागणी आली की याआधी एसीचा गॅस बाहेर भरलेला नाही याचा पुरावा द्या. जे घडलंच नाही त्याचा पुरावा कसला देणार, आणि तोही आधीच्या मालकाच्या काळातला? मी सगळ्या सर्व्हिसची बिलं पाठवली. तर तक्रार "निकाली" म्हणून बंद. फोन केला तर दर वेळी नवा आवाज, पुन्हा पहिल्यापासून सगळी कथा. शेवटी पूर्ण अटींची पीडीएफ आली, क्लेम केल्यानंतर आयुष्यात पहिल्यांदा. त्यात वगळलेल्या भागांत एक ओळ: हाय व्होल्टेजवर चालणारे सर्व घटक. म्हणजे कंप्रेसर कव्हर, पण हायब्रिडचा कंप्रेसर कव्हर नाही. मग हायब्रिडवाल्याला हे कार्ड विकलं कशाला, या प्रश्नाला उत्तर मिळालं: "सर, पॉलिसी वर्डिंग आहे." पैसे मी भरले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तिथल्या लोकांनी नीट ऐकून घेतलं, पण समोरून तेच वर्डिंग चिकटवून उत्तर आलं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, ऑनलाइनही दाखल करता येतं. पण त्या वर्षी घरी आजारपण होतं, मी नाद सोडला. तुमच्यावर वेळ आली तर सोडू नका.

तर मुद्दा हा की बॅटरीला संरक्षण आहे, साध्या यांत्रिक भागांना ते कार्ड कदाचित संरक्षण देईल, आणि मधलं सगळं उघड्यावर: इन्व्हर्टर, डीसी-डीसी कन्व्हर्टर, ई-सीव्हीटीतल्या (हायब्रिडच्या गिअरबॉक्समधल्या) मोटर, विजेचा कंप्रेसर, ब्रेकचा ॲक्च्युएटर. वॉरंटी घ्यायची ती याच्यासाठी. यांची नावं अटींच्या पीडीएफमध्ये "समाविष्ट" खाली स्पष्ट लिहिलेली असतील तर किमतीचा विचार करा. "इलेक्ट्रिकल पार्ट्स" असं मोघम असेल तर नाही म्हणा. पैसे देण्याआधी पीडीएफ मिळत नसेल तर तिथेच विषय संपला.

माझं ठाम मत: गाडी बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची वाढीव वॉरंटी मिळत असेल आणि हे भाग त्यात येत असतील तर डोळे झाकून नाही, पण घ्या. बाहेरच्या कंपनीची असेल तर तेवढेच पैसे वेगळ्या एफडीत टाका. काहींना बाहेरच्या वॉरंटीचे चांगले अनुभव आहेत हे मान्य, माझा नाही.

पण कंपनीची वॉरंटी सहसा मूळ वॉरंटी संपायच्या आतच घ्यावी लागते, आणि इथे एक गंमत आहे. हायरायडर आणि ग्रँड व्हिटारा, दोन्ही स्ट्राँग हायब्रिड, यंत्रणा तीच, दोन्ही बिडदीच्या एकाच कारखान्यातल्या. तरी २०२२ मध्ये टोयोटाची मूळ वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर होती आणि मारुतीची २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर. मारुतीने ती ३ वर्षं-१ लाख केली जुलै २०२४ मध्ये, नव्या गाड्यांसाठी. म्हणजे तुमची गाडी यातली कुठली आणि पहिल्या मालकाने तेव्हाच वाढीव वॉरंटी घेतली होती का, यावर सगळं फिरतं. त्याने घेतली असेल तर ती तुमच्या नावावर करून घ्यायला काय लागतं ते सर्व्हिस सेंटरला विचारा. सेकंड हँडमध्ये मी अशा गाडीला दहा-वीस हजार जास्त द्यायला तयार असेन. आणि हो, ग्रँड व्हिटारा माइल्ड हायब्रिडमध्येही येते. जाहिरातीत नुसतं "हायब्रिड" लिहिलं असेल तर आधी खात्री करा, माइल्डवालीला मोठी बॅटरीच नसते.

डीलरने सांगितलेल्या आकड्यात १८ टक्के जीएसटी धरलाय का तेही विचारा, नंतर वर चढवतात.

आता विषय निघालाच आहे तर. एसीचा गॅस कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये कधीही भरू नका. विजेच्या कंप्रेसरला वेगळं, वीज न वाहणारं तेल लागतं, नेहमीचं तेल गेलं तर इन्सुलेशनची वाट लागते. उंदरांनी वायर कुरतडणं आणि पाणी शिरणं बहुतेक वॉरंटीत नसतंच, तो विम्याचा विषय, आणि विमा आपल्या नावावर करायला कायद्याने १४ दिवस आहेत. पुण्यात बघत असाल तर २५ जुलै २०२४ नंतर विक्रीला आलेल्या गाड्यांचे सीटखालचे गालिचे उचलून बघाच. सिंहगड रोडला एकतानगरीत त्या दिवशी पुराचं पाणी शिरलं ते आठवत असेल, आणि हायब्रिडची बॅटरी सहसा सीटखाली नाहीतर डिकीत असते. तिथेच जवळ बॅटरी गार ठेवणाऱ्या हवेची जाळी असते बऱ्याच गाड्यांत, तिच्यावर पिशव्या रचू नका. आधीच्या मालकाने बाहेरून म्युझिक सिस्टीम बसवताना वायर कापली असेल तर कंपनीलाही नकार द्यायला निमित्त मिळतं.

आठ वर्षं पूर्ण होत आलेली गाडी असती तर माझं उत्तर वेगळं असतं. तिथे बॅटरीचा खर्च किमतीतून कापूनच सौदा करायचा.

गाडी कुठली आणि पहिली नोंदणी कधीची ते लिहा. डीलरकडून पीडीएफ मिळालीच तर वगळलेल्या भागांचं पान टाका, मी वाचून सांगतो. नंबर प्लेट आणि चॅसिस नंबर मात्र झाकून टाका.