८५ टक्के म्हणजे शार्पशूटर की मास्टर?

प्रश्न : सर, वय ४७, मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. मुलीनं दहावीमुळं शूटिंग थांबवलं. तिचं एअर पिस्तूल कपाटात पडून राहायला नको म्हणून मीच सुरू केलं. आठ महिने झाले. गेल्या मॅचला ६०० पैकी ५१२ आले, म्हणजे ८५.३३ टक्के. व्हिडिओत बघितलं, अमेरिकेत ८५ टक्क्यांना एका प्रकारात ‘शार्पशूटर’ म्हणतात, दुसऱ्यात ‘मास्टर’. आणि आपल्याकडच्या प्रवेश अर्जावर तर मला सरळ ‘मास्टर’मध्येच घातलंय! मी नेमका कुठल्या वर्गातला? स्कोअरशीट सोबत जोडली आहे.
– एक अडत्या, कोल्हापूर

उत्तर : अर्जावरचा ‘मास्टर’ बघून पेढे वाटले नाहीत ना? तो वयोगट आहे हो. आपल्याकडं पंचेचाळिशी ओलांडली की मास्टर, २१ च्या आत असलं की ज्युनिअर. पिस्तूल कसं चालवता, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही.

व्हिडिओतले दोन्ही ‘८५’ही एक नव्हेत. बुल्सआय नावाचा त्यांचा जुना प्रकार आहे, एका हातानं, २५ आणि ५० यार्डांवरून. तिथं एकूण गुणांपैकी किती मिळाले याची टक्केवारी काढतात. ८५ पासून शार्पशूटर, ९० पासून एक्सपर्ट, ९५ ला मास्टर, ९७ ला हाय मास्टर. दुसरा प्रकार घड्याळाशी शर्यत लावून मारायचा. त्यात गुणांना सेकंदांनी भागायचं आणि येणारा आकडा त्या ठरावीक कसोटीच्या सर्वोच्च आकड्याच्या किती टक्के आहे ते बघायचं. तिथं ४० च्या खाली डी, मग सी, बी, ए. ८५ ला मास्टर, ९५ ला ग्रँडमास्टर. तुमचं १० मीटरचं टार्गेट या दोन्ही मापांत बसत नाही. किलोचं माप लिटरला लावल्यासारखं होईल ते.

हे वर्ग त्यांनी काढले कशाला, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. खासबागेत जोड कशी लावतात? पहिल्या वर्षाच्या पोराला कुणी नामांकित मल्लासमोर उभं करत नाही. शंभराची कुस्ती शंभरवाल्याशी, पाच हजाराची पाच हजारवाल्याशी. नव्या पोरालाही फेटा बांधून घरी जायला मिळावं, एवढाच हेतू.

आपल्या नेमबाजीत अशी शिडी नाही. अर्जावर एनआर आणि आयएसएसएफ असे दोन रकाने असतात, ते नियमांचे : पहिले देशाचे, दुसरे जागतिक संघटनेचे. नवख्यानं एनआरमधून सुरुवात करावी. वरच्या स्पर्धेला जायचं तर किमान पात्रता गुण लागतात. ते त्या-त्या वर्षीच्या परिपत्रकात छापलेले असतात, मित्राच्या तोंडून ऐकू नका. बाकी तुमचा वर्ग म्हणजे तुमचा स्कोअर. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुमच्याच प्रकारात आपल्या सरबज्योत सिंगचे ५७७ झाले आणि आठव्या आलेल्या जर्मन खेळाडूचेही ५७७. पण आतल्या दहाच्या, म्हणजे दहाच्या वर्तुळातल्या मधल्या छोट्या वर्तुळात लागलेल्या गोळ्या सरबज्योतच्या १६, त्याच्या १७. फायनलला पहिले आठच, त्यामुळं सरबज्योतची फायनल हुकली. तिथं कुणी वर्ग विचारला नाही.

आता तुमची स्कोअरशीट. खरी गंमत तिच्यात आहे. दहा-दहाच्या सहा सिरीज : ८८, ८७, ८५, ८६, ८४, ८२. सरासरी गोळी साडेआठाची. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. नऊचं २७.५, म्हणजे खिशातल्या दहाच्या नाण्याहून अर्धा मिलिमीटर मोठं. तुमच्या गोळ्या त्या नाण्याच्या आसपास घुटमळतायत. आठ महिन्यांत हे वाईट नाही.

पण पहिल्या वीस गोळ्यांना १७५ आणि शेवटच्या वीसला १६६. नेम बिघडलेला नाही, हात दमलाय. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर साठ गोळ्यांना ७५ मिनिटं मिळतात. शीटवरच्या वेळा बघितल्या तर तुम्ही ४८ मिनिटांत उरकलंय. सौदा चालू होता काय? चौथ्या सिरीजनंतर पिस्तूल खाली ठेवा, खुर्चीत बसा, दोन घोट पाणी प्या. उचललेला हात थरथरला तर गोळी न मारता खाली आणा. ते लाजिरवाणं नाही, उलट तेच अवघड आहे.

स्वतःचा आकडा धरायचाच असेल तर सगळ्यांत चांगला धरू नका. मला एकदा सरावात ५६१ लागले. मी ते देवघराशेजारी भिंतीवर खडूनं लिहिले. पुढच्याच स्पर्धेत ५३०. घरी आलो तर बायकोनं काही न बोलता ओलं फडकं आणलं. तेव्हापासून वहीत फक्त मॅचचे आकडे, आणि शेवटच्या पाचांची सरासरी. सौद्यात वरचा एक पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप, दाखवून तुम्ही गाडीभर माल एक नंबरचा म्हणून विकत नाही ना?

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला खटकतेय. पिस्तूल मुलीचं आहे, म्हणजे लाकडी ग्रिपही तिच्याच हाताची असणार. पंधरा वर्षांच्या पोरीच्या मापाच्या ग्रिपमध्ये रवे उचलणारा तळहात कोंबला तर ट्रिगरवरचं बोट सरळ मागं येत नाही, तिरकं ओढलं जातं. गोळ्या एका बाजूलाच सरकतायत का, ते कार्डावर बघा. तसं असेल तर मोठ्या मापाची ग्रिप घ्या. आणि मुलीची ग्रिप घासायला काढू नका. तिची दहावी मार्चमध्ये संपतेय.