सिग्नलला गाडी बंद पडते, पण व्हॉल्व्हच खराब आहे कशावरून?

तुमची २००९ ची पेट्रोल गाडी सात रस्त्याच्या सिग्नलला थांबली की थरथरते, एसी लावला की बंदच पडते. प्लग नवे टाकून झाले आणि आता गॅरेजवाला आयडल एअर व्हॉल्व्ह (आयडल म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असणं) बदला म्हणतोय. थांबा जरा.

अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की थ्रॉटलची झडप मिटते. मग इंजिनाला हवा मिळते ती बाजूच्या बोळातून, आणि त्या बोळाचं दार म्हणजे हा व्हॉल्व्ह. एसीचा कॉम्प्रेसर लागला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ते दार जास्त उघडायला सांगतो. दार अडकलं की इंजिन गुदमरतं. म्हणजे संशय बरोबर आहे, पण थ्रॉटल बॉडीत, म्हणजे त्या झडपेच्या घरात, काजळी साचली तरी हेच होतं.

सकाळी अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता स्टार्ट करा. आरपीएम हजाराच्या वर जाऊन इंजिन तापेल तसा सावकाश उतरायला हवा. रेस दिल्याशिवाय इंजिन धरतच नसेल, तर व्हॉल्व्हवरचा संशय पक्का होत जातो. (आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये इंजिन सकाळीही फारसं गार नसतं, त्यामुळे हा फरक डिसेंबरात जास्त कळतो.)

आता कपलर, म्हणजे व्हॉल्व्हला येणाऱ्या तारांचा जोड, काढून बघायची चाचणी. इथे मी स्वतः फसलोय. चालू इंजिनावर कपलर काढला, आरपीएम हललाच नाही, म्हणून व्हॉल्व्ह मेला समजून नवा आणला. तक्रार तशीच! माझा चार तारांचा स्टेपर होता, म्हणजे एकेक स्टेपनं सरकणाऱ्या मोटरचा. तो कपलर काढला तरी आहे तिथेच थांबतो, त्यामुळे या चाचणीतून काहीच कळत नाही. दोन-तीन तारांचा सोलेनॉइडवाला (विजेच्या चुंबकावर चालणारा) असेल तर मात्र आरपीएम बदलायलाच हवा. स्टेपर असेल तर स्कॅनरवर (ईसीयूला जोडून त्यातली माहिती दाखवणारं यंत्र) स्टेप बघत एसी लावा. स्टेप वाढतायत पण आरपीएम सावरत नाही, म्हणजे दार अडकलंय किंवा बोळ तुंबलाय.

एकाच सिलिंडरचं मिसिंग असेल तर व्हॉल्व्हला हात लावू नका. तो सगळ्यांना सारखीच हवा देतो. कॉइल, इंजेक्टर बघा. सीएनजी किट असेल आणि त्रास फक्त गॅसवर होत असेल, तर किट ट्यून करून घ्या. उन्हानं रबरी व्हॅक्यूम पाइप चिरतात, तेही हातानं चाचपा, पण इंजिन बंद करून.

व्हॉल्व्ह काढलाच तर थ्रॉटल क्लीनरनं काजळी धुवा. मोटरमध्ये द्रव जाऊ देऊ नका, पुढची टोकदार पिन हातानं दाबू-ओढू नका, आतले आटे जातात. ओ-रिंग नवी टाका. थ्रॉटल बॉडीही त्याच वेळी पुसून घ्या, नाहीतर अर्धंच काम होतं. जोडल्यावर आयडल री-लर्न करावं लागतं, म्हणजे ईसीयूला आयडल नव्यानं शिकवावं लागतं. पद्धत मॉडेलप्रमाणे वेगळी असते.

स्कॅनरवर पी०५०६ हा फॉल्ट कोड आला तर आयडल हवा त्यापेक्षा कमी, पी०५०७ आला तर जास्त, एवढाच त्याचा अर्थ. व्हॉल्व्ह बदला असं तो कोड म्हणत नाही, ते गॅरेजवाला म्हणतो.

तुमच्या व्हॉल्व्हला तारा किती आहेत तेवढं बघून सांगा की.