होजिअरीच्या कापडाला फ्युजिंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी सुती पिके (बारीक खडबडीत पोताचं होजिअरी) कापडाचे पोलो टी-शर्ट शिवते. बटणपट्टीला शर्टाच्या कॉलरचं कापडी फ्युजिंग (इस्त्रीने आतून चिकटवायचं अस्तर) लावते. पट्टी आधी छान बसते, पण दोन धुण्यांत तिच्यावर फुगे येतात आणि खालच्या टोकाशी चुण्या पडतात. इस्त्री कमी पडते का?

उत्तर : इस्त्री कमी पडत असेलही, पण मुळात फ्युजिंगच चुकीचं आहे. होजिअरीचं कापड ताणलं जातं ते त्यातल्या धाग्याच्या फाशांचा आकार बदलतो म्हणून. फ्युजिंगवरचे गोंदाचे ठिपके वितळले की हे फासे जागच्या जागी जखडले जातात. कॉलरचं फ्युजिंग उभ्या-आडव्या सरळ धाग्यांचं, ते उभं-आडवं कुठेच ताणत नाही आणि धुण्यात फारसं आटतही नाही. सुती होजिअरी मात्र लांबीत सहज 5 टक्के आटते. म्हणजे 15 सेंमीच्या पट्टीशेजारचं कापड सुमारे साडेसात मिमी आखूड होतं आणि पट्टी तेवढीच राहते. त्या चुण्या याच फरकाच्या. पट्टीवरचं कापडही आटू पाहतं. जिथे गोंद कच्चा, तिथे ते सुटतं आणि फुगा येतो.

तेव्हा कापड बेतण्याआधी धुऊन, पसरून वाळवा. हे टाळून कोणतंही फ्युजिंग टिकणार नाही. दुकानात हलकं ट्रायकॉट (होजिअरीसारखंच फाशांचं) फ्युजिंग मागा. ते मुख्यतः आडवं ताणतं. पट्टीला लांबीत ताण नकोच, नाहीतर काजं पसरतात. म्हणून त्याची न ताणणारी बाजू पट्टीच्या लांबीला ठेवा. कागदी फ्युजिंग स्वस्त पडतं, पण होजिअरीवर ते लवकर चुरगळतं, मी तरी सुचवणार नाही.

चिकटवताना इस्त्री सरकवू नका. सरकवली की कापड ताणलं जातं, गोंद त्याला तसंच धरून ठेवतो आणि पट्टी लाटेसारखी होते. वर पातळ सुती कापड ठेवून एका जागी 10 ते 12 सेकंद दाबा, उचला, थोडं आधीच्या जागेवर येईल असं पुन्हा ठेवा. पूर्ण गार होईपर्यंत तुकडा हलवू नका. गोंद गार होतानाच पकडतो.

आधी त्याच कापडाच्या 10 सेंमीच्या चौकोनावर करून पाहा. गार झाल्यावर कोपरा ओढा. सहज सुटला तर उष्णता, दाब किंवा वेळ कमी पडला. सुलट बाजूला ठिपके दिसले तर उष्णता जास्त झाली किंवा कापडासाठी गोंदच जड आहे. मग चौकोन धुऊन पुन्हा मोजा.

प्रश्न : लायक्रा मिसळलेल्या टी-शर्टच्या गळ्याला फ्युजिंग लावलं, आता गळा डोक्यातून जात नाही.

उत्तर : बंद गळ्याला फ्युजिंग लावूच नका, तिथे ताण हवाच. त्याच कापडाची आडवी कापलेली पट्टी गळ्यापेक्षा थोडी आखूड घेऊन ताणत जोडा. फ्युजिंग लावायचंच तर खांद्याच्या शिलाईवर, सुमारे 1 सेंमी रुंद आणि न ताणणाऱ्या बाजूने कापलेलं. तिथे ते खांदा ओघळू देत नाही.