पंप नियमित घेऊनही रात्री खोकला: दम्याच्या जोडीला आणखी काय असू शकतं?

पंप न चुकता घेऊनही रात्री खोकल्याची उबळ येते, तर दम्याशिवाय आणखी काही असेल का, असं तुम्ही विचारलंय. असू शकतं, बरेचदा असतंच. मी डॉक्टर नाही, लहानपणापासूनचा दमेकरी आहे.

पहिला संशय नाकावर घ्या. दम्याच्या बहुतेक रुग्णांना ॲलर्जीची सर्दी असते: उठल्याउठल्या ओळीने शिंका, चोंदलेलं नाक, टाळूला खाज. श्वासमार्ग एकच, त्यामुळे नाकातली सूज आटोक्यात नसली की दमाही डोकं वर काढतो. मी वर्षानुवर्षं ‘सर्दीच तर आहे’ म्हणून सोडून दिलं. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे रोज घ्यायला लावला, तेव्हा कुठे पहाटे तीनला उशाशी पंप चाचपडणं थांबलं. (स्प्रेचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, कानाच्या दिशेने धरायचं. हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं, नाकातून रक्त यायचं.)

वासच येईनासा झाला असेल तर नाकात पॉलिप (आतल्या अस्तराला येणारे मऊ फुगवटे) आहेत का, ते कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून बघून घ्या. पॉलिप, दमा आणि ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळ्यांनी लागणारी धाप हे त्रिकूट डॉक्टरांच्या ओळखीचं आहे. अशी धाप एकदा जरी लागली असेल तरी त्या गोळ्या परत घेऊ नका, जिवावर बेतू शकतं.

मग पोट. आडवं झालं की आम्ल वर येतं आणि खोकला सुरू होतो. गंमत म्हणजे थिओफिलिन हे दम्याचंच औषध अन्ननलिकेच्या खालची झडप सैल करतं. पण जळजळ, आंबट ढेकर असं काहीच नसताना ॲसिडिटीच्या गोळ्या खाऊन दमा सुधारत नाही, हे तपासून झालंय.

वाढलेलं वजन, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं ही मंडळीही दम्यासोबत दिसतात. चिंता तर आहेच. धाप लागली म्हणून घाबरलो की घाबरल्यामुळे धाप लागली, हे मला अजूनही दर वेळी कळत नाही. श्वास आत घेताना गळ्यापाशी अडकत असेल आणि पंपाने फरक पडत नसेल, तर दोष स्वरतंतूंचाही असू शकतो.

पंपाचा डोस वाढवण्याआधी हे सगळं डॉक्टरांपुढे मांडा. बाकीची औषधंही सांगा, अगदी डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा. काचबिंदूसाठी देतात त्या टिमोलोलच्या थेंबांनीही दमा चाळवतो.