‘त्यांचं’ काहीच पटत नाही, मी कोत्या मनाची झालेय का?

दोन विभागांचं विलीनीकरण झाल्यावर एका पर्यवेक्षक बाईंची तक्रार होती: “आमच्या जुन्या टीमला कुणी नावं ठेवली की मलाच लागतं. दुसऱ्यांचं मात्र काहीच पटत नाही. मी अशी कधी झाले?”

ही खंत अनेकांना असते. ‘मी कोण’ याच्या उत्तरात ‘मी कुणातली’ हेही असतं, म्हणून गटाला लागलेला बोल आपल्यालाच लागतो. त्यासाठी जुनं वैर लागत नाही. सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १४-१५ वर्षांच्या मुलांचे चित्रांच्या आवडीनिवडीवरून, खरं तर कसेही, दोन गट पाडले (१९७१). पैसे वाटायचे होते, पण आपण केलेल्या वाटपातून स्वतःला काहीच मिळणार नव्हतं. तरी झुकतं माप आपल्या गटालाच! आपल्यांना थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण दुसऱ्यांपेक्षा जास्त हवेत, असाही कल दिसला.

बाईंना घरी करायला काम दिलं: सहकाऱ्यांबद्दलचे शेवटचे दहा शेरे दोन रकान्यांत उतरवायचे. जुन्या टीममधल्याच्या उशिरापुढे होतं ‘घरी अडचण’. नव्याच्या उशिरापुढे ‘बेफिकीर’. आपल्या माणसाची चूक परिस्थितीच्या खाती, परक्याची स्वभावाच्या. आता शेरा लिहिण्याआधी त्या स्वतःला विचारतात, हेच आपल्या माणसानं केलं असतं तर?

सगळ्यांना एकत्र जेवायला न्यायचा त्यांचा बेत होता. तो पुढे ढकलायला सांगितलं. मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी प्रयोगासाठी भरवलेल्या १९५४ च्या शिबिरात भांडणाऱ्या मुलांचे दोन गट एकत्र जेवायला बसवले, तर त्यांनी एकमेकांवर अन्न फेकलं. तेढ ओसरू लागली ती पाणीपुरवठा बंद पडल्यावर, दोघांनी मिळून खटपट केली तेव्हा.

म्हणून काम असं निवडलं, जे एकट्यानं होणारच नाही: जुन्या नोंदी एका विभागाकडे, नवी प्रणाली दुसऱ्याला येणारी. जोड्या मिश्र, बैठक चालवायची पाळी आलटून पालटून, आणि वरिष्ठांचा उघड पाठिंबा. जुन्या टीमचं नाव पुसायचं नाही. ओळख हिसकावली की माणूस ती आणखी घट्ट धरतो.

पहिलं काम मात्र छोटं आणि हमखास जमणारं हवं. ते फसलं, तर खापर ‘त्यांच्या’वरच फुटतं आणि तेढ आधीपेक्षा वाढते.