वर्षभरात गेलेल्या नामवंतांना आदरांजली वाहायची आहे, पण नुसती यादी वाचायची नाही. काय करता येईल?

प्रश्न विचारणारे नेरुळचे आहेत. त्यांच्या विरंगुळा केंद्रात दर डिसेंबरला वर्षभरात निधन झालेल्या प्रसिद्ध व्यक्तींची नावं वाचतात, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतात, चहा होतो आणि सगळे घरी जातात. हल्ली लोक चहाच्या वेळेलाच येऊ लागलेत म्हणे. ठाण्यात आमच्या नौपाड्यातल्या ज्येष्ठांच्या मंडळात हाच कार्यक्रम बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक करा. पूर्ण यादी मोठ्या अक्षरांत छापून दाराशी लावून टाका. ज्याला वाचायची तो वाचेल, आणि अमक्याचं नाव राहिलं म्हणून कोणी रुसणारही नाही. माईकवर मात्र पाच-सहा जणच घ्या. ते कधी, कुठे, कशाने गेले हे सांगण्यात वेळ घालवू नका, ते पेपरात येऊन गेलेलं असतं. त्या माणसाचं जे काम होतं, त्यातलं काहीतरी तुमच्या हॉलमध्ये तेवढ्या वेळापुरतं घडलं पाहिजे. गायक असेल तर गाणं ऐका, लेखक असेल तर पान वाचा, शास्त्रज्ञ असेल तर प्रश्न विचारा. आमच्याकडे ‘कधीही न भरून निघणारी पोकळी’ किंवा ‘एका युगाचा अंत’ असं जो बोलेल त्याने सगळ्यांना बटाटेवडे द्यायचे असा ठराव आहे. यंदा वड्यांचा खर्च सालाबादप्रमाणे अध्यक्षांकडे जाणार असं दिसतंय.

यंदाची, म्हणजे २०२५ची, सुरुवात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांपासून करा असं मी सुचवेन. २० मे रोजी पुण्यात गेले, वय ८६. गुरुत्वाकर्षणाचा हॉइल-नारळीकर सिद्धांत, १९८८मध्ये उभी राहिलेली आयुका ही पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था, पद्मविभूषण, नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, हे सगळं प्रास्ताविकात दोन वाक्यांत उरकता येतं. रंगतात त्या बाकीच्या गोष्टी. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून बनवलेलं नाव! परिषदेतल्या लोकांना आपलं अक्षर ओळखू येईल म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. आता विचार करा, केंब्रिजहून आलेला, पंचविशी उलटताच पद्मभूषण मिळालेला माणूस. त्याला टोपणनावाने स्पर्धेत उतरायची काय गरज होती? नावामुळे बक्षीस मिळालं असं कोणी म्हणू नये, एवढीच. ही गोष्ट सांगून झाली की त्यांच्या एखाद्या विज्ञानकथेची चार-पाच पानं वाचा. चांगला वाचणारा हवा, घाईने वाचणारा नको.

दुसरी गोष्ट वादाची आहे, पण तीच जास्त रंगेल. २००८च्या सुमारास नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. दर ज्योतिषाला त्यांतल्या ४० पाठवल्या आणि विचारलं, यातली कुठली कोणत्या गटातली ते सांगा. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण भरलं साधारण ४६ टक्के. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी पन्नासच्या आसपास जमली असती. हे आकडे आधी फोडू नका. ‘किती टक्के आली असतील?’ असं विचारून हात वर करायला लावा. आमच्याकडे पत्रिका पाहणारे दोन सभासद आहेत, दोघेही गोड माणसं. एकाने ‘प्रश्नच चुकीचा विचारला’ असा पवित्रा घेतला, दुसरे म्हणाले, ‘मी असतो तर चाळीसच्या चाळीस.’ अर्धा तास कसा गेला कळलं नाही. नारळीकर कोण होते हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

आणि मुलं येणार असतील तर पोस्टकार्डं आणा. व्याख्यानानंतर मुलं सहीसाठी वह्या पुढे करत, तेव्हा नारळीकर सांगत, सही नको, पोस्टकार्डावर मला एखादा प्रश्न पाठवा, त्याचं उत्तर सही करून पाठवीन. तुमच्याकडे नातवंडांना बोलावून प्रत्येकाला पोस्टकार्डावर आकाशाविषयी एक प्रश्न लिहायला सांगा. पोस्टकार्ड अजूनही पन्नास पैशाला मिळतं. उत्तरं द्यायला केंद्रातले निवृत्त शिक्षक आहेतच की, त्यांना कुणी तरी प्रश्न विचारावा म्हणून ते वर्षभर बसून असतात.

आता ऑगस्ट. या एका महिन्यात आपल्या पडद्यावरची चार माणसं गेली. १६ला ज्योती चांदेकर, १८ला अच्युत पोतदार, २८ला बाळ कर्वे, ३१ला प्रिया मराठे. गणेश चतुर्थी होती २७ला. म्हणजे कर्वे गेले त्या दिवशी दीड दिवसाचे गणपती निघाले होते, आणि प्रिया गेली तो गौरी आवाहनाचा दिवस. घरात मोदकांची उकड चाललेली असताना फोनवर बातमी आली, ‘अरेरे’ म्हटलं आणि पुन्हा उकडीकडे वळलो, असं किती जणींचं झालं असेल. सणासुदीत गेलेल्या माणसांचं असं होतंच, त्यात कुणाचा दोष नाही. पण डिसेंबरच्या कार्यक्रमात त्यांना जास्त वेळ द्यावा, असं मला वाटतं.

पोतदारांचं निधन ठाण्यातच झालं, तेव्हा ते आमचे म्हणून मी थोडी पक्षपाती आहे. पण तुमच्या केंद्रासाठीही ते फार उपयोगी आहेत. लष्करात कॅप्टन, मग इंडियन ऑइलमध्ये जवळपास २५ वर्षं नोकरी, आणि अभिनयाकडे वळले ते चाळिशी उलटल्यावर. सव्वाशेच्या वर चित्रपट केले. ‘थ्री इडियट्स’मधला तो वैतागलेला प्राध्यापक नातवंडांना माहीत असतो, त्याचं एक वाक्य ती एकमेकांना मोबाइलवर पाठवत असतात, नाव मात्र आजी-आजोबांनाही पटकन आठवत नाही. त्यांच्यासाठी आम्ही ठरवलंय की साठीनंतर ज्यांनी नवीन काही सुरू केलं अशा सभासदांनी ते पाच मिनिटांत करून दाखवायचं. एक काका बासरी शिकतायत. ऐकवतील. सहन करू.

बाळ कर्वे ९५ वर्षांचे होते. दूरदर्शनवरचा गुंड्याभाऊ ज्यांनी पाहिलाय त्यांना त्यांच्याविषयी काही सांगायला नको. दिलीप प्रभावळकर चिमणराव, कर्वे गुंड्याभाऊ. इथे चिं. वि. जोशींची एखादी गोष्ट काढा आणि दोघांना वाचायला द्या, एक किरकोळ अंगाचा, एक भरदार. आमच्याकडे चिमणरावासाठी उमेदवार भरपूर, गुंड्याभाऊ व्हायला कुणी तयार होईना, सगळ्यांना आपलं वजन बेताचं वाटतं.

प्रिया मराठेचं जरा वेगळं आहे. ती ठाण्यात वाढलेली, वय अवघं ३८, कर्करोगाने गेली. ज्येष्ठांच्या बैठकीत एवढ्या तरुण मुलीचं नाव आलं की सगळे आजाराविषयीच बोलू लागतात, कुणाच्या तरी सुनेला काय झालं होतं, कुठल्या डॉक्टरकडे गेले. ते थांबवा. तिने खलनायिका किती मन लावून केल्या ते आठवा. आमच्या एक काकू म्हणाल्या, ‘मी रोज संध्याकाळी तिला मनसोक्त शिव्या घालत होते गं.’ नटीला याहून चांगली दाद कुठली? नोव्हेंबरमध्ये दया डोंगरे गेल्या. ‘खट्याळ सासू नाठाळ सून’मधली त्यांची सासू आठवून बघा. दोघींना एकत्र घ्या आणि बायकांना विचारा, पडद्यावरच्या कुठल्या बाईचा तुम्हाला सगळ्यात जास्त राग आला होता? माईक हातातून सुटणार नाही.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. माधव वझे मे महिन्यात गेले. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’तला श्याम. या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, आणि वझे पुढे पुण्यात नाट्यसमीक्षक, दिग्दर्शक म्हणून वावरले. त्या भूमिकेने त्यांना आयुष्यभर सोडलं नाही, तरी त्यांनी आपलं वेगळं काम उभं केलं. अभिनेत्री संध्याबाई ऑक्टोबरमध्ये गेल्या. ‘पिंजरा’तलं एक नृत्य लावा, बोलायची गरज नाही. हिंदीतले असरानी, सतीश शाह, धर्मेंद्र यांच्यासाठी टीव्हीवाल्यांनी तासनतास घेतले आहेत, तुम्ही एकच प्रसंग दाखवा. असरानींचं एक मात्र मला आवडलं. दिवाळीत गेले, आणि त्यांच्याच इच्छेनुसार अंत्यसंस्कार उरकल्यावर मग बातमी बाहेर आली.

यादी करताना दोन भानगडी होतात, त्या आधीच सांगते.

एक, डिसेंबरातले लोक दरवर्षी निसटतात. पेपरवाल्यांच्या वर्षअखेरच्या याद्या महिन्याच्या मध्यालाच तयार होतात, आपले कार्यक्रमही त्याच सुमाराला. २०२४मध्ये झाकिर हुसेन १५ डिसेंबरला गेले, श्याम बेनेगल २३ला, मनमोहन सिंग २६ला. म्हणजे २०२४च्या कार्यक्रमात ते नव्हते, आणि २०२५ची यादी जानेवारीपासून धरली तर यातही येणार नाहीत. तीन एवढी मोठी माणसं, आणि दोन वर्षांच्या फटीत गेली! म्हणून वर्ष डिसेंबर ते नोव्हेंबर असं मोजा. बेनेगलांना तर अजिबात सोडू नका. अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मकथनावरून ‘भूमिका’ हा चित्रपट त्यांनी केला, आणि ‘मंथन’ची पटकथा विजय तेंडुलकरांची. त्या ‘मंथन’साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घातले होते. हे सांगितल्यावर आमच्या खजिनदारांनी लगेच वर्गणीचा विषय काढला, तेवढं सांभाळा.

दुसरी भानगड खोट्या बातम्यांची. सकाळी सात वाजता व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर हात जोडलेले फोटो आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि दुपारी तो माणूस हॉस्पिटलमध्ये डाळखिचडी खातोय. विक्रम गोखल्यांच्या बाबतीत २०२२च्या नोव्हेंबरमध्ये हेच झालं. बातमी पसरली, घरच्यांनी खंडन केलं, ते गेले २६ तारखेला. झाकिरभाईंच्या वेळी मोठमोठ्या वाहिन्यांनी आधी सांगितलं, मग मागे घेतलं, मग काही तासांनी ते खरं ठरलं. धर्मेंद्र यांचं यंदा ११ नोव्हेंबरला ‘निधन’ झालं, हेमा मालिनींनी रागावून खुलासा केला, आणि ते गेले २४ला. घरच्यांनी किंवा रुग्णालयाने सांगेपर्यंत गटावर काही टाकायचं नाही, एवढा एक नियम आम्ही केला. पाळतात निम्मे.

राजकारण्यांचं काय करायचं, हेही तुम्ही विचारलं आहे. घ्या की. फक्त बोलणाऱ्याने त्यांचा एक कायदा किंवा एक निर्णय घ्यायचा, आणि त्याचा आपल्याला काय उपयोग झाला ते सांगायचं. मनमोहन सिंगांसाठी आम्ही २००५चा माहिती अधिकार कायदा घेणार आहोत, कारण आमच्यातल्या एका काकांनी त्याखाली अर्ज करून करून एका कार्यालयाला जेरीस आणलंय. पक्षाचं नाव निघालं की बेल वाजवायची. बेल मोठ्या आवाजाची घ्या.

एक पुरवणी, ठाणेकर म्हणून. आमच्याकडे माणूस मोठा झाला की वास्तूला त्याचं नाव मिळतं. गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह. तुमच्याकडे वाशीला विष्णुदास भावे. यात वाईट काही नाही, पण भाव्यांनी १८४३मध्ये सांगलीला मराठी नाटकाचा पहिला खेळ केला हे वाशीच्या तिकीटबारीवर उभ्या असलेल्या किती जणांना ठाऊक असेल? त्या मानाने पं. राम मराठ्यांचं बरं आहे. त्यांच्या नावाने ठाणे महापालिका संगीत समारोह भरवते, तिथे दरवर्षी कोणीतरी प्रत्यक्ष गातं. तुमच्या केंद्रात एखाद्याच्या नावाने काही करायचा विचार निघाला तर पाटी लावण्यापेक्षा असं काहीतरी करा.

आणि तुमच्या केंद्रातले जे सभासद वर्षभरात गेले, त्यांना या कार्यक्रमात मिसळू नका. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला धर्मेंद्रनंतर दीड मिनिट मिळणं बरं दिसत नाही. त्यांच्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवा, घरच्यांना बोलवा.

स्तब्ध उभं राहायचंच असेल तर सुरुवातीला राहा, आणि गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी बसूनच राहावं हे माईकवरून आधी सांगा, म्हणजे कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. एकूण वेळ दीड तासाच्या वर जाऊ देऊ नका, आभारप्रदर्शन काढून टाका. चित्रफिती मोबाइलवरून ऐनवेळी शोधू नका, जाहिराती मध्येच येतात. आदल्या दिवशी पेनड्राइव्हवर घेऊन हॉलच्याच स्पीकरवर एकदा लावून बघा. तरुण माणूस लागेल, नातवाला धरा.